कणीक मुरायच्या आत

"आंटी, पोळीत यीस्ट कुठे असतं?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी आधी फळा पुसून घेतला. उत्तर सुचेपर्यंत फळा पुसत राहायचं, ही युक्ती मी माझ्या शाळेतल्या बाईंकडून उचललेली आहे.

झालं होतं असं. मार्चमधला रविवार, आमचा यहुद्यांचा पेसाहचा सण तीन आठवड्यांवर आलेला. मी हिब्रूच्या वर्गात मुलांना नेहमीची गोष्ट सांगत होते. मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, आपले पूर्वज इतक्या घाईने निघाले की भाकरीचं पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. होतं तसंच भाजून घेतलं, आणि त्याची आठवण म्हणून पेसाहचे आठ दिवस खमिराचं काही खायचं नाही. पाव बंद, केक बंद, बिस्किटं बंद, फक्त मात्सा, म्हणजे ती न फुगलेली भाकर. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग या नऊ वर्षांच्या पोराने तोंड उघडलं. त्याची आई रोज पोळ्या करते आणि तो ओट्याशी उभा राहून बघतो. कणीक, पाणी, तेल, मीठ. यीस्टचा पत्ता नाही. तव्यावर फुगते ती वाफेने, आणि ताटात येईपर्यंत पुन्हा चपटी. मग पोळी का बंद?

आमच्या वर्गात जी पुस्तकं वापरतो ती बाहेरदेशांतून येतात. त्यांत फुगलेल्या पावाचं चित्र असतं आणि त्यावर लाल फुली. शेजारी मात्साचं चित्र, त्यावर बरोबरची खूण. ज्या घरात तिन्हीत्रिकाळ पाव खातात तिथे एवढं पुरतं. जिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे भात, भाकरी आणि पोळीवर वाढलेत तिथे ते चित्र मुकं आहे. माझ्या इतक्या वर्षांत हे कधी लक्षात आलं नव्हतं, आणि एका पोराच्या एका रविवारात आलं.

"पुढच्या रविवारी सांगते," मी म्हटलं. फळा तोवर लख्ख झाला होता.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आमच्या घराघरांत सांगतात ती गोष्ट अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्यापुस्तकं समुद्राने नेली. पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर. हिब्रू विसरली. उरलं एक वाक्य, 'शेमा इस्राएल', ऐक हे इस्राएला. जन्माला, लग्नाला, मयताला, सगळीकडे तेच एक.

मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून ठाण्यात दर रविवारी सकाळी दहा ते बारा मुलांना हिब्रू वाचायला शिकवते. मुलं आठ. क्रिकेटची मॅच असली तर चार. मार्चमध्ये वार्षिक परीक्षा आणि पेसाहची तयारी एकाच वेळी डोक्यावर येतात, त्यामुळे देवाने मिसरवर पाठवलेल्या दहा पीडांच्या यादीत गणिताचा पेपर घालावा असं आमच्या वर्गाचं एकमत आहे.

शिकवायचं फक्त वाचन. अर्थ मागाहून, जमेल तसा. बावीस अक्षरं, त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की रूप पालटतात, आणि सगळा कारभार उजवीकडून डावीकडे. मुलांना वाटतं हेच अवघड असणार. ते दोन रविवारांत जमतं. खरी दमछाक टिंबांपाशी होते. अक्षराखाली, वर, बाजूला टिंबं आणि रेघा, म्हणजे आपला काना, वेलांटी, मात्रा. मी ठरवलं होतं की बाराखडीसारखं शिकवायचं. बा, बे, बी, बो, बू. पाचच स्वर, आपल्यापेक्षा किती सोपं. पण आमची मुलं इंग्रजी शाळेतली, त्यांना बाराखडीच धड येत नव्हती. तेव्हा पहिले दोन महिने मी हिब्रू शिकवण्यासाठी मराठी शिकवली. आईवडिलांना हे सांगितलेलं नाही.

मराठीचा उपयोग मात्र फार होतो. 'व'च्या पोटात तिरकी रेघ मारली की 'ब' होतो, हे मुलांना ठाऊक असतं. हिब्रूतल्या बेत या अक्षराच्या पोटात टिंब असेल तर 'ब', नसेल तर 'व'. दोन हजार कोसांवरच्या दोन लिप्या आणि पोटदुखी एकच, असं मी म्हटलं की मुलं हसतात आणि विसरत नाहीत. 'मात्सा'मधला 'त्स' तर आपल्या घरचाच, चमच्यातला 'च'. वर्गाला भेट द्यायला आलेल्या एका परदेशी पाहुण्याने आमच्या मुलांच्या त्या उच्चाराचं कौतुक केलं होतं. मी त्यांना चमचा म्हणून दाखवायला सांगितलं. ते जमलं नाही.

दालेत आणि रेश ही दोन अक्षरं सख्खी जुळी. एक आडवी रेघ, तिच्या उजव्या टोकाला खाली उतरणारी दुसरी. दालेतच्या कोपऱ्याला मागे जरासं टोक येतं, रेशचा कोपरा गोल वळतो. एवढाच फरक, आपल्या 'घ' आणि 'ध'सारखा. पण शेमाच्या ओळीचा शेवटचा शब्द आहे 'एहाद', म्हणजे एक. देव एक आहे. तिथे दालेतच्या जागी रेश वाचलात तर होतं 'अहेर', म्हणजे दुसरा, परका. एका टोकावरून सगळा धर्म उलटापालटा. म्हणून तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीत, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायाच्या चौथ्या ओळीत, ते दालेत मुद्दाम मोठं लिहितात. लिहिणाऱ्याचा हात चुकू नये, वाचणाऱ्याचा डोळा चुकू नये.

हे मी फार गंभीरपणे सांगत होते. एक मुलगी उठून वाचू लागली, आणि वाचलं तिने अहेरच. मागच्या बाकावरून आवाज आला, "आहेर आणू नये!" लग्नपत्रिकेवरची ती तळटीप त्या दिवसापासून आमच्या वर्गाची झाली. आता दालेत की रेश अशी शंका आली की कोणी तरी पुटपुटतं, आहेर आणू नये. हजार वर्षं लेखनिकांनी अक्षर मोठं करून जे साधलं ते आमच्याकडे एका तळटिपेने साधलं.

हसण्यावारी नेते खरी, पण माझी स्वतःची गोष्ट मुलांना सांगायला मला बरीच वर्षं लागली. तिशीपर्यंत मला हिब्रू वाचता येत नव्हतं. प्रार्थना सगळ्या तोंडपाठ. सिनेगॉगमध्ये पुस्तक उघडून बसायचे, इतरांचं पान उलटलं की माझंही उलटायचं. एकदा शेजारच्या काकूंनी माझ्या हातातलं पुस्तक अलगद घेतलं, सुलटं करून परत दिलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं सगळं पाठांतर आजीच्या वहीतून आलेलं. आजी अलिबागच्या इस्राएल आळीतली. तिने हिब्रू प्रार्थना बाळबोध अक्षरांत उतरवून घेतल्या होत्या, निळ्या शाईने, ओळीवर टांगलेल्या. 'बारुख' तिथे 'बारूह' होतं. आता मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघून घशातला खरखरीत 'ख' काढतात आणि त्यांचे आजोबा म्हणतात, सर्दी झाली का रे? मी दोन्ही चालवून घेते. आजीच्या 'ह'ला मी चूक म्हणणार नाही.

ज्या भाषेने आम्हाला हिब्रू परत दिली ती मराठीच, हेही मुलांना सांगते. 1832 साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत आमच्या लोकांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच. हेतू अर्थात धर्मांतराचा होता. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं, हेतू तिथेच ठेवला. पुढे त्याच शतकात जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकंच्या पुस्तकं मराठीत आणली, आणि हाईम सॅम्युएल किहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली, ती आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, हिब्रू आणि मराठीत 1874 साली पुण्यात छापली गेली. तिच्यात मात्सा करणाऱ्या बायकांचं चित्र आहे. बायका साडीत. मी मोबाइलवर ते चित्र दाखवलं तेव्हा तो पोळीवाला पोरगा बराच वेळ झूम करून बघत राहिला. त्याला लाटणं शोधायचं होतं.

मराठी बायबलात पेसाहला वल्हांडण म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. ओलांडण्याचं ते जुनं रूप. मिसरातल्या थोरल्या मुलांवर मृत्यू फिरला त्या रात्री इस्राएली घरांचे उंबरे त्याने ओलांडले, दारांवर कोकराच्या रक्ताची खूण होती म्हणून. आजीकडे दारावर पांढरा कागद असायचा, बकऱ्याच्या रक्तात बुडवलेल्या हाताचा ठसा उमटवलेला. वर्गात हे सांगितलं की मुलींचा "ईऽऽ" आणि मुलांचं "आपण पण करू या" एकाच वेळी येतं. सणाआधी भिंतींना चुना, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई. कल्हई म्हणजे काय ते समजावण्यात एक रविवार गेला. शेवटी रिझल्ट लागण्याआधी जुनी वही नव्या कव्हरात घालता ना, तसं, म्हणून सोडून दिलं. उपमा वाईट आहे, मला माहीत आहे.

पण मुलांच्या प्रश्नाचं उत्तर या कोणत्याच गोष्टीत नव्हतं. ते आलं सणाच्या आणखी एका नावातून, जे आता घरात कोणी उच्चारत नाही. बाहेरचे यहुदी येऊन कॅलेंडर शिकवून जाण्याआधी आमच्या सणांना कोकणी घरगुती नावं होती. रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, नव्याचा सण. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, दारफळणीचा सण, कारण दार लावून घरात बसायचं. तिशा बेआवला, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिनाला, बिरड्याचा सण, त्या दिवशी वालाचं बिरडं. आणि पेसाहला अनशी ढाकाचा सण. अनस म्हणजे कालवणात घालायच्या आंबट पाण्याचं मडकं. ते झाकून ठेवायचा सण.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये होते, आणि मला आजीची बरणी दिसली. पेसाह आला की आजी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायची. पांढरं फडकं, त्यावर सुतळीचे तीन वेढे, आणि बरणी फळीवर मागे सारायची. आठ दिवस लोणचं नाही. का, विचारलं तर "सणाचं आंबट नाही खायचं." बस्स. आम्हाला वाटायचं कैरी संपत आली असेल.

म्हणजे बघा. पोथ्या बुडालेल्या. मिसर कुठे हे माहीत नाही. ज्या कोकणात भट्टीचा पाव कोणी बघितलेला नाही तिथे खमीर टाळायचं म्हणजे काय करायचं? भात आंबवायचा नसतो, भाकरी आंबवायची नसते. घरात आंबतं काय, तर ते एक मडकं. तर मग त्याच्यावर झाकण. त्या बायकांनी असाच विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण अक्षर न ओळखता ओळ पाठ ठेवण्याची सवय आमच्याकडे फार जुनी आहे, आणि या ओळीला तोंड नव्हतं, झाकण होतं.

पुढच्या रविवारी मी वर्गात गव्हाचं पीठ, पाणी, तवा आणि छोटी शेगडी घेऊन गेले. गव्हाचं पीठ आणि पाणी एकमेकांना भेटले की घड्याळ सुरू, मी सांगितलं. अठरा मिनिटं. त्याच्या आत मळून, लाटून, टोचून, भाजून झालं तर मात्सा. त्यापुढे गेलं तर हामेत्स, म्हणजे खमीर आलेलं, मग यीस्ट घाला की नका घालू. "आई कणीक मळली की काय करते?" मी त्या पोराला विचारलं. "झाकून ठेवते." "किती वेळ?" "अर्धा तास. मुरायला." बोलता बोलता त्याचे डोळे मोठे झाले. यीस्ट बाहेरून आणावं लागत नाही, ते हवेत असतं, पिठात असतं. मे महिन्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या कणकेचा वास आठव.

नियम पाच धान्यांना आहे, गहू, जव आणि त्यांची भावंडं. तांदूळ त्यात नाही. युरोपातले यहुदी पेसाहला तांदूळही टाळतात, आम्ही नाही टाळत. आठ दिवस तांदळाची भाकरी खुशाल. "मग इडली?" ही चौकशी येणार हे मला आधीच ठाऊक होतं. नियमाने बघितलं तर तांदूळ हामेत्स होत नाही. पण आजीने बरणीला दादरा बांधला असता आणि इडली वाफवली असती, असं मला नाही वाटत.

मात्साच्या पाण्याचीही एक गंमत आहे. ते आदल्या संध्याकाळी काढून रात्रभर ठेवलेलं, थंड झालेलं लागतं. हिब्रूत 'मायिम शेलानू', म्हणजे रात्र काढलेलं पाणी. आपलं शिळं पाणी. पण 'शेलानू' म्हणजे 'आमचं' असंही होतं. तालमूद या आमच्या गुरूंच्या जुन्या ग्रंथात गोष्ट आहे की राव मात्ना या गुरूंनी सांगितलं, पीठ शेलानू पाण्यातच भिजवा. दुसऱ्या दिवशी सगळं गाव घागरी घेऊन त्यांच्या दारात. तुमचंच पाणी लागतं म्हणालात ना! मुलं इतकी हसली की आहेरवाल्या मुलीचं तोंड प्रथमच उजळलं. दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वी मोठी माणसंही तिच्यासारखीच घसरली होती.

मी स्टीलच्या तांब्यातून शिळं पाणी आणलंच होतं. मोबाइलवर अठरा मिनिटांचा टायमर लावला. चौघांनी मळायचं, दोघांनी लाटायचं, दोघांनी काट्याने टोचायचं, मी तव्याशी. पहिली तीन मिनिटं पाणी जास्त झालं म्हणून गेली. पीठ वाढवलं तर ते हाताला सुटेना. सातव्या मिनिटाला पहिली मात्सा लाटली गेली, आकार गोव्याच्या नकाशासारखा. टोचणाऱ्यांनी तिची चाळण केली. अकराव्या मिनिटाला शेगडी विझली. माझाच दोष, भरलेला डबा घरी राहिला होता. शेजारच्या इमारतीतल्या ताईंकडून गॅस आणेपर्यंत टायमर ठणाणा करू लागला होता. सगळं मिळून सत्तावीस मिनिटं. "म्हणजे आता ही काय झाली?" एकाने विचारलं. "पोळी," तो पोरगा म्हणाला. जरा जाड होती. आम्ही ती गुळाबरोबर खाल्ली. सणाला अजून दोन आठवडे होते, चालत होतं.

सणाच्या रात्री अर्थात डब्यातली मात्सा, चौकोनी, बाहेरून आलेली. बाकी ताट आपलं. खजूर शिजवून मलमलीतून गाळून केलेला दाट रस, द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुकांचं सरबत, उकडलेलं अंडं, भाजलेलं हाड, कडू पाला. कडू म्हणून कारलं का नको, याचं उत्तरही मी दिलं आहे, पण तो वाद अजून मिटलेला नाही. बहुतेक वर्षी ती रात्र चैत्री पौर्णिमेच्या आगेमागेच येते. खिडकीत तोच चंद्र, बाहेर हनुमान जयंतीच्या तयारीचा लाउडस्पीकर, आत सर्वांत धाकटं मूल उभं राहून विचारतं, 'मा निश्ताना हालायला हाझे', ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? पोथीत चार मुलांची गोष्ट आहे. शहाणा, वाईट, भोळा आणि चौथा, ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. त्याच्याबद्दल म्हटलंय, 'अत पेताह लो', तू त्याला उघडून दे. 'अत' म्हणजे तू, पण बाईला म्हणतात ते तू. पंडितांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. मी लिहिणार नाही. मी ते वर्गात वाचते तेव्हा आवाज जरा चढतो, एवढंच.

सणाआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही हगादाची सुरुवातीची ओळ घेतली होती. ती हिब्रूत नाही, अरामीत आहे. 'हा लहमा अन्या', ही दारिद्र्याची भाकर. जो भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं. यंदा इथे, पुढल्या वर्षी इस्राएलच्या भूमीत. वाचलं त्या आहेरवाल्या मुलीने, एकही टिंब न चुकता. तिच्या घरच्यांचे कागद झाले आहेत, परीक्षेचा निकाल लागला की जूनमध्ये इस्राएलला निघणार. आमच्या बाकांवरून दर वर्षी असं एखादं मूल जातं. अश्दोद, लोद, दिमोना. मग तिकडून व्हॉट्सॲपवर मराठीत हिब्रू आणि हिब्रूत मराठी.

तिने पुस्तक मिटलं नाही. ओळीवर बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे पुन्हा एकदा फिरवून ती म्हणाली, "आंटी, तिथे गेल्यावर हे म्हणायचं का? तिथे तर आपण आधीच असू."

मी फळ्याकडे वळले. फळा आधीच कोरा होता.